तीन निर्णय कॅमेऱ्यावर सोडू नका: बेळगाव, खानापूर, गोकाक परिसरात फोटोग्राफी शिकणाऱ्यांसाठी

नवशिक्याचा फोटो फसतो तो कॅमेरा स्वस्त आहे म्हणून क्वचितच. फोकस कशावर, उजेड किती आणि हालचाल गोठवायची की वाहू द्यायची, हे तीन निर्णय त्याने कॅमेऱ्यावर सोडलेले असतात. कॅमेरा अंदाज बांधतो. नवे फोन चेहरा ओळखतात, आकाश ओळखतात, पण तुम्हाला चिखलातले हात हवे आहेत की मागचा डोंगर, हे त्यांना कळायला मार्ग नाही. हे तीन निर्णय आपल्या हातात घेतले की साध्या फोनवरही फरक दिसतो. न घेतले तर महागडी लेन्सही उपयोगाची नाही. नवा कॅमेरा घेण्याचा विचार करत असाल तर आधी हातातल्या फोनवर महिनाभर खालचे सगळे करून बघा.

फोनपासून सुरुवात

आधी लेन्स पुसा. खिशातला घाम आणि बोटांचे तेल काचेवर बसले की दिव्यांभोवती धुरकट रेघा पसरतात आणि सगळ्या फोटोवर दुधट पडदा येतो. चष्म्याचे कापड किंवा जुने धुतलेले सुती कापड पुरे. शर्टाच्या टोकाने पुसल्यास तेल फक्त पसरते.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘ग्रिड’ सुरू करा. तिसऱ्या भागांच्या नियमासाठी, म्हणजे चौकटीचे तीन-तीन भाग करून विषय रेषेवर ठेवायला, तिचा उपयोग आहेच, पण नवशिक्याला खरा फायदा क्षितिजाचा. तलावाचे पाणी एका बाजूला सांडताना दिसू नये, एवढे जरी ग्रिडने साधले तरी बरेच झाले.

मग सगळ्यात महत्त्वाची सवय. स्क्रीनवर ज्या जागी फोकस हवा तिथे बोट दोन सेकंद दाबून धरा. बहुतेक फोनवर तिथे कुलूप लागते, म्हणजे फोकस आणि उजेड दोन्ही त्या जागेला बांधले जातात. शेजारी सूर्याचे छोटे चिन्ह किंवा पट्टी येते. तिच्यावर बोट खाली ओढले की फोटो गडद, वर ओढले की उजळ. दहापैकी सात वेळा तुम्हाला ती थोडी खालीच ओढावी लागेल.

झूम करताना सांभाळा. फोनची मुख्य लेन्स साधारण २४ ते २६ मिलिमीटरच्या तोडीची, म्हणजे बरीच रुंद असते. तिने एक हातावरून चेहरा टिपला तर नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. दोष लेन्सचा नाही, अंतराचा आहे. दीड-दोन मीटर मागे सरका आणि २एक्स वापरा, चेहरा जागेवर येतो. दूरचे जवळ आणणारी वेगळी टेलीफोटो लेन्स नसेल तर ५एक्स, १०एक्सच्या वाटेला जाऊ नका. तिथे फोन फक्त मधला तुकडा कापून ताणतो. त्यापेक्षा चार पावले पुढे चाला.

धरताना दोन्ही कोपरे बरगडीला टेकवा. स्क्रीनवर अंगठा मारताना फोन हलतो, म्हणून आवाजाचे बटण किंवा २ सेकंदांचा टायमर वापरा.

पांढरे, काळे आणि राखाडी

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा भाग समोर काहीही असले तरी ते मध्यम राखाडी आहे असे धरून चालतो. बहुतेक दृश्यांत ते जमून जाते. पण पांढरे किंवा काळे जास्त असले की गणित चुकते, आणि आपल्याकडे दोन्ही भरपूर आहे.

जानेवारीच्या सकाळी जांबोटीच्या रस्त्यावर धुके आहे. कॅमेऱ्याला सगळीकडे पांढरे दिसते, तो ते राखाडी करायला उजेड कमी करतो आणि फोटो मळकट येतो. इथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय (फोनवर तीच सूर्याची पट्टी), +०.७ ते +१ ठेवायचे. पांढरे धोतर आणि पांढरा सदरा घातलेल्या माणसाने सगळी चौकट भरली असेल तरी तेच. उलट, काळ्या दगडाच्या देवळाने चौकट भरली तर कॅमेरा उजेड वाढवतो आणि दगड धुतलेल्या पाटीसारखा फिका दिसतो. तिथे −०.७ ते −१.

आता नवशिके हमखास फसतात ती जागा. अंधाऱ्या सोप्यात बसलेल्या माणसाच्या डोक्यावर पांढरी टोपी. पांढरे आहे म्हणून प्लस करायचे? नाही. चौकटीत काळोख जास्त आणि टोपी इवलीशी आहे. कॅमेरा काळोखाला उजळवायला जातो आणि टोपी जळून पांढरा डाग होतो. म्हणून इथे मायनस. प्लस की मायनस हे वस्तूच्या रंगावरून ठरवायचे नसते, चौकटीत कशाचा भाग मोठा आहे त्यावरून ठरवायचे. काळ्या कातळातून कोसळणारा पांढरा धबधबाही याच हिशेबात बसतो.

जळालेले पांढरे नंतर परत आणता येत नाही, गडद भाग मात्र बराचसा उजळता येतो. म्हणून शंका असेल तेव्हा थोडे गडद काढा. कॅमेऱ्यात ‘हायलाइट वॉर्निंग’ सुरू ठेवलीत तर जळलेली जागा लुकलुकते. हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, पाहत असाल तर उजव्या भिंतीला चिकटलेला उभा खांब दिसता कामा नये.

घड्याळ आणि उजेड

बेळगावात २१ जूनच्या सुमारास सूर्य सहाच्या आसपास उगवतो आणि सात वाजून पाच मिनिटांच्या सुमारास मावळतो. डिसेंबरअखेरीस उगवायला सात वाजत येतात आणि मावळतो सहा-सव्वासहाला. मधल्या महिन्यांचा अंदाज यावरून बांधा. सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो घड्याळातल्या बाराला नव्हे, साडेबाराच्या आसपास, कारण आपले घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालते आणि बेळगाव ७४.५ वर आहे. मेच्या पहिल्या आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास तर दुपारी सावली पायाखालीच राहते. या काळात दुपारी चेहरा टिपला तर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे येतात. माणसाला पडवीत किंवा झाडाखाली घ्या, किंवा फोटोच काढू नका.

सकाळचे मऊ, पिवळसर ऊन आपल्याकडे फार टिकत नाही. उगवल्यापासून ४०-४५ मिनिटांत सूर्य १० अंश वर चढतो आणि तासाभरात सावल्या कडक होतात. त्यामुळे राजहंसगडावर सूर्योदय टिपायचा असेल तर उगवण्याच्या अर्धा तास आधी जागेवर उभे असावे लागते. साडेसातला येळ्ळुरातून निघून उपयोग नाही.

वर्षातला सगळ्यात देखणा उजेड मात्र वळवाचा, असे आमचे स्पष्ट मत आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी पाऊस कोसळून थांबतो, हवेतली धूळ खाली बसते, पूर्वेला शाईसारखा काळा ढग असतो आणि पश्चिमेकडून तिरपे ऊन त्याच्यावर पडते. पुढचे झाड, कौले, रस्त्यावरचा माणूस उजळलेला आणि मागे अंधार. हा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा असतो. पाठ सूर्याकडे करा, एक्स्पोजर −०.३ ते −०.७ करा, म्हणजे ढगाचा काळेपणा टिकतो. इंद्रधनुष्य हवे असेल तर तेही आपल्या सावलीच्या दिशेलाच शोधायचे. सपाट जमिनीवरून ते दिसायला सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांहून खाली असावा लागतो, म्हणून ते दुपारी दोनला सापडत नाही आणि पाचला सापडते.

मावळता सूर्य फोनमध्ये टिकलीएवढा का येतो, हा नेहमीचा प्रश्न. सूर्याची प्रतिमा सेन्सरवर (उजेड टिपणाऱ्या भागावर) फोकल लांबीच्या, म्हणजे लेन्सच्या मिलिमीटरच्या आकड्याच्या, साधारण ११०व्या भागाएवढी पडते. २०० मिलिमीटरच्या लेन्सने ती जेमतेम १.८ मिलिमीटर होते, म्हणजे साध्या डीएसएलआरच्या (लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्याच्या) १५ मिलिमीटर उंच सेन्सरवर उंचीचा आठवा भाग. फोनच्या रुंद लेन्सवर तो ठिपकाच राहणार. त्यावर उपाय असा, की सूर्याला विषय न करता पार्श्वभूमी करा. गडाची तटबंदी, बैलगाडी किंवा माणूस पुढे घ्या, आकाशावर बोट दाबून कुलूप लावा आणि पट्टी खाली ओढा. पुढची आकृती काळी उमटेल. तिचे हातपाय एकमेकांत मिसळू देऊ नका. काळ्या आकृतीत माणूस ओळखू येतो तो अवयवांमधल्या फटींवरून.

पावसाळा: लावणी आणि धबधबे

खानापूर तालुक्यात जुलैत रोप लावणी सुरू असते तेव्हा आकाश पांढरे आणि शेत गडद असते. दोन्ही एकत्र घेतले की एक जळते किंवा दुसरे काळवंडते. सोपा मार्ग म्हणजे आकाश कापून टाका. बांधावर उभे राहून कॅमेरा खाली झुकवा, चौकटीत फक्त चिखल, पाणी, रोपांच्या मुठी आणि माणसे ठेवा. ढगाळ उजेडाचा फायदा असा की सावल्या नसतात, त्यामुळे हिरवा रंग आणि चेहरे दोन्ही छान येतात. आकाश हवेच असेल तर ते खाचरातल्या पाण्यात पकडा. तिथे ते वरच्यापेक्षा थोडे गडद दिसते.

लावणी करणाऱ्या बायका वाकलेल्या असतात, म्हणून उभ्याने काढलेल्या फोटोत फक्त पाठी आणि इरली येतात. बांधावर उकिडवे बसा, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणा. नवी मूठ घ्यायला त्या कंबर सरळ करतात, तोच क्षण. शटर, म्हणजे उजेड आत येण्याचा वेळ, १/२५० सेकंद ठेवा, नाहीतर रोप खोचणारा हात पुसट येतो. आणि बांध तुडवून पलीकडे जायचे नाही, चिखल ओला असताना तो ढासळतो आणि खाचरातले पाणी निघून जाते.

धबधब्याचे पाणी रेशमासारखे हवे की थेंबाथेंबाने, हे आधी ठरवा. थेंब हवेत तर १/१००० किंवा त्याहून वेगवान शटर. रेशीम हवे तर १/४ ते १ सेकंद, आणि मग ट्रायपॉड लागतोच. ढगाळ हवेत आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १०० आणि ॲपर्चर (लेन्सचे भोक, आकडा मोठा तितके ते लहान) एफ/११ ला शटर साधारण १/३० वर येते. उजेड अडवणारा राखाडी एनडी८ फिल्टर लावला की उजेड आठपट कमी होऊन ते १/४ वर जाते. फोनच्या प्रो मोडमध्ये थेट १/४ लावले तर फोटो पांढराफटक होतो, कारण बहुतेक फोनमध्ये ॲपर्चर एकच असते, लहान करता येत नाही. फोनसमोर धरायचा एनडी फिल्टर मिळतो. आयफोनवर ‘लाइव्ह फोटो’ काढून नंतर त्याला ‘लाँग एक्स्पोजर’ परिणाम देता येतो.

पोलरायझर फिल्टर घेणार असाल तर पावसाळ्यासाठी घ्या. ओल्या पानांवरची आणि खडकांवरची चकाकी तो काढून टाकतो, हिरवा रंग एकदम गडद होतो. बदल्यात दीड ते दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), हे शटर ठरवताना लक्षात असू द्या. लेन्सवर लावून कडी फिरवत राहायचे आणि चकाकी गेली की थांबायचे.

गोकाकचा धबधबा ५२ मीटर उंचीचा आणि घोड्याच्या नालाच्या आकाराचा आहे. इतके सगळे चौकटीत कोंबले की तो बुटका दिसतो. उंची कळायला चौकटीत माणूस, झाड किंवा जुनी इमारत हवी. झुलत्या पुलावरून लांब शटर लावू नका, कारण एक माणूस चालला तरी पूल हलतो आणि ट्रायपॉडही त्याच्याबरोबर हलतो. घटप्रभेला पाणी जास्त असताना तुषार लांबपर्यंत येतात. लेन्सवर हूड, म्हणजे पुढचे आडोशाचे नळकांडे, लावा, एक सुके कापड खिशात ठेवा आणि प्रत्येक चार-पाच फोटोंनंतर काच बघा. एक थेंब मधोमध बसला तर सगळे फोटो वाया जातात आणि छोट्या स्क्रीनवर ते कळतही नाही. शेवाळलेल्या खडकावर ट्रायपॉड रोवण्याच्या भानगडीत पडू नका.

काळा दगड आणि कोरीव काम

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती हे जैन मंदिर रट्ट राजघराण्याच्या काळातले, १२०४ च्या सुमाराचे. मंडपाच्या छतात दगडाचे कमळ खाली झुकलेले आहे. ते टिपताना मान वर करून फोन धरला की कमळ तिरके येते आणि हात हलतो. त्याऐवजी कमळाच्या बरोबर खाली जमिनीवर रुमाल अंथरा, फोन त्यावर स्क्रीन खाली करून ठेवा, मागचा कॅमेरा वर, आणि १० सेकंदांचा टायमर लावून बाजूला व्हा. फोन स्थिर असल्याने मंद शटर चालते आणि आयएसओ कमी राहतो. पहिल्या फोटोत कमळ मधोमध नसेल तर फोन बोटभर सरकवून पुन्हा. डीएसएलआरही पाठीवर निजवून असेच करता येते. हे पूजेचे ठिकाण आहे. चपला बाहेर, आणि दर्शन सुरू असेल तर थांबा. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉडला सहसा आधी परवानगी लागते, म्हणून हा रुमालाचा उपाय जास्तच कामाचा.

बाहेरच्या भिंतींवरच्या कोरीव कामाला समोरून आलेला उजेड मारक. हलशीचे भूवराह नरसिंह मंदिर असो की देगावचे कमळनारायण, ऊन भिंतीला घासून तिरपे जात असेल तेव्हाच नक्षीचा उठाव दिसतो. पूर्वेकडच्या भिंतीवर सूर्य सरळ पडतो तेव्हा ती सपाट दिसते, त्याच वेळी ऋतूनुसार दक्षिणेकडच्या किंवा उत्तरेकडच्या भिंतीवर कड पकडणारा उजेड असतो. देवळाला एक फेरी मारून आज कोणती भिंत जिवंत आहे ते बघा आणि तिथेच थांबा. फ्लॅश बंदच ठेवा.

किल्ला आणि कॅम्प भागात लष्कराच्या जागा आहेत. त्यांची फाटके, पहारे, वाहने चौकटीत घेऊ नका. सांबऱ्याच्या विमानतळाजवळ आणि कॅम्पात ड्रोन उडवणे म्हणजे थेट पोलिसांशी गाठ.

भंडारा, गुलाल आणि मिरवणूक

सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर पौर्णिमेला गेलात तर सगळे पिवळे असते. कॅमेऱ्याच्या ‘ऑटो व्हाइट बॅलन्स’ला, म्हणजे रंग आपोआप जुळवणाऱ्या सोयीला, हा पिवळा रंग उजेडाचा दोष वाटतो. कॅमेरा निळा रंग मिसळून तो दुरुस्त करायला जातो आणि भंडारा फिका, चेहरे आजारी दिसतात. म्हणून व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर, साधारण ५२०० ते ५५०० केल्विनवर कुलूपबंद करा. लाल मातीच्या आखाड्यात आणि गुलालातही हेच.

भंडारा हवेत उधळला जातो तेव्हा सूर्य त्याच्या मागे असेल अशा बाजूला उभे राहा. मागून उजेड आला की कण चमकतात, पुढून आला तर नुसते धुरकट दिसते. शटर १/१०००, बर्स्ट (बटण दाबून धरले की सलग फोटो) सुरू. उधळणाऱ्या हाताकडे लक्ष ठेवा आणि हात वर जाण्याच्या आधीच बटण दाबा.

ही पूड कॅमेऱ्याची वैरी आहे. गर्दीत लेन्स बदलायची नाही. कॅमेऱ्यावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवा, लेन्सपुरते भोक पाडा आणि हूडवर रबरबँडने आवळा. घरी आल्यावर आधी रबरी फुंकणीने पूड उडवा, मग मऊ ब्रश, आणि शेवटी कापड. आधीच कापड लावले तर कण काचेवर घासले जाऊन चरे पडतात.

बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथांचा प्रश्न वेगळा. रात्र, दिवे, हलणारी माणसे. फोनचा नाइट मोड इथे बंद करा. तो एक-तीन सेकंदांतले अनेक फोटो एकावर एक रचतो, त्यामुळे इमारती कुरकुरीत आणि मावळे भुतासारखे दिसतात. साध्या मोडमध्ये, चित्ररथावरच्या उजळ भागावर कुलूप लावून पट्टी खाली ओढा.

एलईडी पडदे आणि दिव्यांमुळे फोटोवर आडवे काळे पट्टे आले तर कारण विजेचे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. १/५०० सारखे वेगवान शटर त्या लुकलुकीचा मधलाच तुकडा पकडते. १/१०० किंवा १/५० ठेवा, बहुतेक पट्टे जातात. काही एलईडी पडदे स्वतःच्या वेगळ्याच वेगाने लुकलुकतात, तिथे १/१०० च्या आसपास थोडे मागेपुढे करून बघायचे. कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटर एफ/१.८ लेन्स असेल तर एफ/२, १/१००, आयएसओ १६०० ते ३२०० इथून सुरुवात करा. १/१०० ला जोरात नाचणारा पुसट येईल. त्यावर इलाज शटर वाढवण्यात नाही, क्षण निवडण्यात आहे. लेझीम वर जाऊन थांबते, ढोलाचा टिपरू वरच्या टोकाला क्षणभर अडखळतो, तेव्हा दाबा. गर्दीत रेटारेटी करण्यापेक्षा गल्लीतल्या एखाद्या घराच्या पहिल्या मजल्यावरून परवानगी घेऊन काढलेले फोटो जास्त चांगले येतात. फार वर, गच्चीवर गेलात तर फक्त डोकी दिसतात.

कुस्तीच्या मैदानावर जमिनीवर बसा. उभ्याने काढलेल्या फोटोत पैलवानांची पाठ आणि मागची खुर्च्यांची रांग येते, बसल्यावर मागे आकाश आणि गर्दीचे चेहरे येतात. शटर १/८०० ते १/१०००, फोकस ‘कंटिन्युअस’वर, म्हणजे निकॉनवर एएफ-सी आणि कॅननवर एआय सर्वो. संध्याकाळी मोठी जोड लागायच्या वेळी उजेड उतरत असतो, तेव्हा आयएसओ ‘ऑटो’वर टाकून वरची मर्यादा ३२०० ठेवा. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

माणसांचे फोटो

घरात आजीचा फोटो काढायचा तर ट्यूबलाइट बंद करा आणि तिला दारापासून हातभर आत, उन्हाच्या कडेला बसवा. चेहरा दाराकडे अर्धवट वळलेला. तुम्ही दारात उभे राहू नका, उजेड तुमच्याच अंगाने अडतो. ट्यूब आणि दाराचा उजेड दोन्ही एकत्र ठेवले तर एक गाल हिरवट आणि दुसरा निळसर येतो, आणि तो नंतर दुरुस्त होत नाही.

फोकस जवळच्या डोळ्यावर. ५० मिलिमीटरची लेन्स एफ/१.८ ला दीड मीटरवरून वापरली तर साध्या डीएसएलआरवर जेमतेम ६-७ सेंटीमीटरचा भाग स्पष्ट राहतो. नाकावर फोकस गेला की डोळे मऊ झालेच. एफ/४ ला हाच पट्टा दुप्पट होतो, म्हणून शिकताना एफ/४ वरच राहा. दोन रांगांचा कौटुंबिक फोटो असेल तर एफ/८, आणि फोकस पुढच्या रांगेवर.

कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणा. मुलांसाठी बसा. डोक्यातून उगवलेला विजेचा खांब, खांद्यावरची दोरी, कोपऱ्यातली प्लॅस्टिकची खुर्ची: बटण दाबण्याआधी नजर चौकटीच्या चारही कडांवरून फिरवून आणायची. हे एक सेकंदाचे काम आहे आणि शिकणाऱ्यांपैकी फार थोडे ते करतात.

अनोळखी माणसाला विचारून काढा. खानापूर, निपाणीकडे ‘मावशी, एक फोटो काढू का?’ पुरते. गोकाक, सौंदत्तीकडे ‘फोटो तेगीबहुदेन्री?’ म्हणा. तोडक्या कन्नडमध्ये विचारले तरी चेहरा सैल होतो. नाही म्हटले तर नमस्कार करून पुढे चाला. लहान मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका.

जुना कॅमेरा घेताना

शिकायला जुना डीएसएलआर उत्तम, पण तीन तपासण्या केल्याशिवाय पैसे देऊ नका. एक, शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढले तो आकडा. साध्या मॉडेलचे शटर साधारण १ लाख क्लिकसाठी बनवलेले असते, ७०-८० हजार झाले असतील तर किंमत पाडून मागा. दोन, लेन्स काढून मागच्या बाजूने मोबाइलची टॉर्च मारा आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, घेऊ नका. आपल्या पट्ट्यातल्या पावसात ही बाब फार सामान्य आहे. तीन, एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून बघा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवर धूळ. ती साफ करता येते, पण साफसफाईचा खर्च भावातून वजा करा.

कॅमेरा हाती आला की ‘ए’ किंवा ‘एव्ही’ मोड (ॲपर्चर तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा), एफ/५.६, ऑटो आयएसओ कमाल ३२००, किमान शटर १/२५०, फोकसचा एकच बिंदू. पहिले काही आठवडे एवढेच. मॅन्युअल मोड आला म्हणजे फोटोग्राफी आली, हा गैरसमज आहे. मॅन्युअल लागतो तो उजेड स्थिर आणि पार्श्वभूमी बदलती असेल तेव्हा, उदाहरणार्थ स्टेजवरच्या नाटकाला.

पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या किंवा कापडी बॅगेत कपाटात ठेवू नका. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये असावा. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओले झाले. मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत तापवायचे, पण त्यासाठी वेगळे भांडे ठेवा. त्या रंगात कोबाल्ट असते, स्वयंपाकाचा तवा वापरायचा नाही. एसी गाडीतून कणकुंबीच्या दमट हवेत उतरलात की लेन्सवर आतबाहेर वाफ धरते. पुसून जात नाही. कॅमेरा बंद बॅगेतच २०-३० मिनिटे राहू द्या, मग काढा.

घरी आल्यावर

फोनवर स्नॅपसीड पुरेसे आहे. क्रम असा: आधी क्षितिज सरळ, मग कडा कापणे, मग हायलाइट (उजळ भाग) थोडे खाली, शॅडो (गडद भाग) थोडे वर, आणि सगळ्यात शेवटी रंग. रंगाची पट्टी +१० च्या पुढे नेली की भात प्लॅस्टिकचे दिसू लागते. एचडीआरचे तयार परिणाम टाळा. कडांभोवती पांढरी प्रभा आली तर समजा की जास्त झाले.

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकसतो. छापायला द्यायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर न्या. १२×८ इंची प्रिंटला इंचाला ३०० ठिपके धरले तरी ३६००×२४०० पिक्सेल लागतात, म्हणजे ९ मेगापिक्सेलहून कमी. १२ मेगापिक्सेलचा कोणताही फोन पुरतो. अडचण आकाराची येते. फोनचा फोटो ४:३ असतो आणि ६×४ किंवा १२×८ चा कागद ३:२. स्टुडिओतले यंत्र आडव्या फोटोचा वरखाली मिळून उंचीचा नववा भाग कापते, आणि नेमका फेटा किंवा पाय जातो. म्हणून छापायचा फोटो काढतानाच डोक्यावर आणि पायाखाली बोटभर जागा जास्त सोडा, आणि दुकानात देण्याआधी ३:२ मध्ये स्वतः कापून द्या.